नवीन एचडी टीव्हीवर साधे चॅनल्स धुरकट दिसतायत? मग एकेक करून हे बघा

दिवाळीत आम्ही ठाण्याच्या घरी पन्नास इंची फोर-के टीव्ही आणला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बाबांचा फोन, "अगं, माझा डोळा परत बिघडला वाटतं, खालची पट्टी वाचताच येत नाहीये." त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सहाच महिने झाले होते त्यामुळे माझ्या पोटात गोळाच आला, खारघरहून तडक ठाण्यात नौपाड्याला गेले. डोळ्याला काहीही झालं नव्हतं. जुन्या २१ इंची टीव्हीवर बातम्यांची जी पट्टी ते खुर्चीत बसून आरामात वाचायचे ती नव्या टीव्हीवर अशी दिसत होती की प्रत्येक अक्षराभोवती बारीक चिलटं घोंगावतायत, आणि निवेदिकेचा चेहरा मेणाचा असावा तसा गुळगुळीत.

त्या दिवशी दोन-तीन तास आणि नंतरचे काही रविवार मी ह्याच्यात घातले, आता बाबा पट्टी वाचतात. आमच्या बिल्डिंगमध्ये आणि इकडे खारघरला आमच्या सोसायटीतही ज्यांनी ज्यांनी मोठा टीव्ही घेतला त्या सगळ्यांची हीच तक्रार आहे, आणि त्यातल्या दोघांनी तर "सिग्नल वीक आहे" असं ऐकून डिश फिरवून घ्यायचे पैसेही दिले ज्याचा काडीचा उपयोग झाला नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहितेय, ज्याला टीव्हीतलं काही कळत नाही त्यालाही करता येईल असं. पहिल्या पाच स्टेप्सना जवळजवळ काहीच खर्च नाही, फार तर एक वायर.

आधी थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं अंदाजपंचे होईल

टीव्हीवरचं चित्र म्हणजे बारीक ठिपके, पिक्सेल. साधा म्हणजे एसडी चॅनल आपल्याकडे ७२० बाय ५७६ ठिपक्यांचा असतो, गुणाकार केला तर ४,१४,७२०. फुल एचडी टीव्हीच्या काचेवर १९२० बाय १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके, बरोब्बर पाचपट. आणि फोर-के टीव्हीवर ८२,९४,४००, म्हणजे वीसपट. आता विचार करा, चॅनलकडून एक ठिपका आला आणि टीव्हीला तिथे वीस भरायचेत, तर उरलेले एकोणीस तो आजूबाजूचं बघून अंदाजाने भरतो. ह्यालाच अपस्केलिंग म्हणतात. चांगल्या टीव्हीचा अंदाज बरा असतो, स्वस्त टीव्हीचा तेवढा नसतो, पण जे चॅनलने पाठवलंच नाही ते कुठलाच टीव्ही परत आणू शकत नाही. हे एकदा मनाशी पक्कं केलं की सेल्समन काय सांगतोय आणि काय लपवतोय ते लगेच कळतं.

ही ५७६ ओळींची पद्धत जुनी आहे, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, १९८२ मध्ये रंग आले, आणि तेव्हाच्या काचेच्या जाड टीव्हीला हे चित्र अगदी बेतून शिवल्यासारखं बसायचं. त्या टीव्हीला ठरावीक पिक्सेल नव्हते, कडा आपोआप मऊ व्हायच्या, आणि स्क्रीनही लहान. शिवाय एसडी चित्र पूर्ण येत नाही, सेकंदाला ५० अर्धी चित्रं येतात, एकदा विषम ओळी एकदा सम ओळी. जुना टीव्ही तसंच रंगवायचा. नवीन टीव्हीला मात्र दोन अर्धी जोडून एक करावं लागतं आणि जोड चुकला की पळणाऱ्या पट्टीच्या अक्षरांना कंगव्याचे दात फुटल्यासारखे दिसतात.

तिसरी गोष्ट कॉम्प्रेशन. सॅटेलाइटवर जागा मर्यादित, चॅनल्स शेकडो, म्हणून प्रत्येक चॅनल दाबून दाबून पाठवतात. निवांत बसून गप्पा चाललेल्या असल्या तर चालून जातं, पण लेझीम, धुळवड, भर पावसातला सीन, क्रिकेटचं हिरवं मैदान असं जिथे क्षणाक्षणाला सगळं बदलतं तिथे चौकोन चौकोन पडतात. बाबांची चिलटं म्हणजे हेच, अक्षराची कडा गडद आणि मागचा रंग सपाट असला की दाबलेल्या चित्रातली घाण नेमकी त्या कडेला जमा होते. लहान टीव्हीवर ती दिसत नव्हती, पन्नास इंचांवर टीव्हीने तीच मोठी करून समोर मांडली.

सिग्नलचा प्रॉब्लेम आहे की एसडीचा, हे आधी ठरवा

इथेच लोकांचे पैसे जातात. डिजिटल चित्र सिग्नल कमी झाला म्हणून हळूहळू धुरकट होत नाही. सिग्नल पुरेसा असेपर्यंत चित्र जसंच्या तसं येतं, आणि एका मर्यादेखाली गेला की तुटतं: चौकोन जागच्या जागी गोठतात, आवाज खरखरतो किंवा जातो, मग स्क्रीन काळी. त्यामुळे चित्र सतत, दिवसभर, कोरड्या हवेतही धुरकट असेल आणि आवाज मात्र स्वच्छ असेल तर तो सिग्नलचा प्रॉब्लेम नाही, डिश हलवून काही होणार नाही. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूमध्ये सिग्नल स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी असे दोन दांडे दिसतात, ते दोन्ही चांगले भरलेले असतील तर कोणाला गच्चीवर चढवू नका.

उलट मुसळधार पावसातच चित्र तुटत असेल तर ते वेगळं, डीटीएच ज्या लहरींवर येतं त्या जोरदार पावसात शोषल्या जातात आणि आपल्या ठाण्यातला जुलै कसा असतो ते सांगायला नको. आपल्याकडे डिशचं तोंड साधारण आग्नेयेला असतं, तर त्या बाजूला नवीन टॉवर उभा राहिला किंवा झाड वाढलं, तरी सिग्नल अडतो, घोडबंदर रोडला बांधकामं चालूच असतात त्यामुळे हे बघून घ्या. नवी मुंबईत खाडीजवळ राहणाऱ्यांनी डिशच्या मागची वायरची पिन एकदा बघावी, खाऱ्या हवेने ती हिरवट होऊन गंजते आणि मग सिग्नल येतो-जातो. हे सगळं खरं, पण ह्यातलं काहीही धुरकटपणाचं कारण नाही.

स्टेप १: तुम्ही नक्की कुठला चॅनल लावलाय

अगदी साधी गोष्ट आहे पण आमच्याकडे अर्धं दुखणं इथेच होतं. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी ह्या सगळ्यांचं एसडी वेगळं आणि एचडी वेगळं, नंबर पण वेगळे. आईच्या बोटाला जुना नंबर पाठ, बॉक्स एचडी असूनही ती रोज एसडीच लावत होती. रिमोटवर इन्फोचं बटण दाबा, खाली चॅनलचं नाव येतं, त्याच्यापुढे एचडी लिहिलंय का बघा. लिहिलेलं नसेल तर चॅनल गाइडमध्ये त्याच नावाचा एचडी शोधा. लागला तर उत्तमच. "सबस्क्राइब केलेला नाही" असं आलं तर थांबा, लगेच पैसे भरू नका, त्याचं पुढे सांगते.

आणि बॉक्स कुठला आहे तेही बघा. एसडी बॉक्सवर एचडी चॅनल येतच नाही, मागे कुठलीही वायर लावा. एचडी बॉक्सवर दोन्ही येतात, पण एसडी चॅनल एचडी बॉक्समधून आला म्हणून एचडी होत नाही. फ्री डिशच्या बऱ्याच बॉक्सना मागे एचडीएमआयचं भोक असतं आणि लोकांना वाटतं की आता सगळं एचडीच येणार, तसं नसतं, भोक कसलंही असलं तरी चॅनल जो आहे तोच राहतो.

स्टेप २: मागची वायर

टीव्हीच्या मागे हात घाला किंवा मोबाइलचा टॉर्च लावून फोटो काढा. पिवळी-लाल-पांढरी अशा तीन पिना दिसल्या तर तिथेच थांबा आणि ती बदला. त्यातल्या एकट्या पिवळ्या पिनेतून संपूर्ण चित्र जातं, उजेड आणि रंग दोन्ही एकाच तारेत कोंबून, आणि टीव्हीला ते परत वेगळं करावं लागतं. ते नीट वेगळं होत नाही, म्हणून लाल साडीचा रंग साडीच्या बाहेर सांडल्यासारखा दिसतो आणि कडांवरून बारीक ठिपके वर सरकताना दिसतात. ह्या पिवळ्या पिनेतून एचडी तर जातच नाही, एचडी चॅनलचे पैसे भरून पिवळी पिन लावलेली घरं मी स्वतः बघितलीत.

आमच्याकडे काय झालं होतं, टीव्ही भिंतीवर लावला, बॉक्स खाली शोकेसमध्ये, बॉक्सबरोबर आलेली एचडीएमआय वायर आखूड पडली, म्हणून जो बसवायला आला होता त्याने जुनीच तीन पिनांची वायर लावून दिली आणि चित्र दिसतंय म्हटल्यावर निघून गेला. मी स्टेशनजवळच्या दुकानातून तीन मीटरची एचडीएमआय आणली. साधी घ्या, दोन-तीनशेची पुरते. सोन्याचा मुलामा वगैरे सांगून हजार-दोन हजाराची गळ्यात मारायला बघतात, पण एवढ्या अंतरात डिजिटल सिग्नल एकतर पूर्ण पोचतो नाहीतर ठिणग्यांसारखे ठिपके येतात किंवा काहीच येत नाही, महागड्या वायरने चित्र जास्त शार्प होत नाही.

वायर बदलल्यावर टीव्हीच्या रिमोटवर सोर्स किंवा इनपुट दाबून एचडीएमआय निवडायला विसरू नका. आणि बॉक्सला एचडीएमआयचं भोकच नसेल तर तो एसडी बॉक्स आहे, पुढच्या स्टेप्स तरी करा, बराच फरक पडतो.

स्टेप ३: बॉक्स काय पाठवतोय

बॉक्सच्या मेनूत सेटिंग्ज, मग व्हिडिओ किंवा डिस्प्ले, तिथे रिझोल्यूशन असतं. ५७६, ७२०, १०८० असे आकडे दिसतील, ह्या चित्रातल्या वरून खाली मोजलेल्या ओळी. बरेचदा बॉक्स कारखान्यातून ७२० वर नाहीतर ५७६ वर सेट होऊन येतो आणि मग एचडी चॅनलसुद्धा कमी होऊन टीव्हीला जातो. सरळ १०८० करा.

एक प्रयोग मात्र करून बघण्यासारखा आहे. १०८० वर ठेवलं की एसडी चित्र मोठं करायचं काम बॉक्स करतो, ५७६ वर ठेवलं की तेच काम टीव्हीकडे जातं. बॉक्सपेक्षा चांगल्या टीव्हीचा प्रोसेसर बहुतेक वेळा जास्त हुशार असतो, त्यामुळे ज्या घरात फक्त एसडी चॅनल्सच बघतात तिथे ५७६ वर चित्र उलट बरं दिसू शकतं. एकच चॅनल लावून दोन्ही सेटिंग पाच-पाच मिनिटं बघा, पट्टीवरची अक्षरं बघा, जे बरं वाटेल ते ठेवा. काही बॉक्समध्ये ऑटो किंवा नेटिव्ह असा पर्याय असतो, तो असेल तर प्रश्नच मिटला, जो चॅनल जसा येतो तसाच टीव्हीला जातो.

स्टेप ४: चित्र ताणलंय का

जुनी चित्रं चारास तीन ह्या मापाची, टीव्ही सोळास नऊ. चारास तीन चित्र अख्ख्या स्क्रीनभर पसरवलं की सगळी माणसं जाड आणि बुटकी दिसतात, आणि आडवं ताणल्यामुळे धुरकटपणाही वाढतो. लोकांना काळ्या पट्ट्या नको असतात, पैसे पूर्ण टीव्हीचे दिलेत मग पट्ट्या कशाला, हे मला समजतं, पण ताणलेल्या चित्राची डोळ्याला सवय लागली की मग ते चुकीचं आहे हेच कळेनासं होतं.

ओळखायचं कसं तर रेसिपीचा कार्यक्रम लावा आणि तव्यावरच्या भाकरीकडे बघा. कॅमेरा वरून असताना भाकरी गोल दिसली तर माप बरोबर, आडवी लांबट दिसली तर ताणलंय. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये पिक्चर साइझ किंवा आस्पेक्ट रेशो, कंपनीप्रमाणे नाव बदलतं, तिथे चारास तीन किंवा ओरिजिनल करा. काही एसडी चॅनल्स उलटा घोटाळा करतात, चित्र चारही बाजूंनी काळ्या चौकटीत येतं, फोटो फ्रेममध्ये लावल्यासारखं, तिथे झूम केलं की माप न बिघडता स्क्रीन भरते. ज्या चॅनलला जे लागेल ते. आणि बॉक्समध्येही हीच सेटिंग असते, तर बॉक्समध्ये टीव्ही टाइप सोळास नऊ ठेवून बाकीचं टीव्हीच्या रिमोटने करा, दोन्हीकडे ढवळाढवळ केली तर आपलाच गोंधळ होतो.

एचडी चॅनलसाठी एक वेगळी सेटिंग आहे, एलजीमध्ये तिला जस्ट स्कॅन म्हणतात, सॅमसंगमध्ये फिट टू स्क्रीन. ती चालू नसेल तर टीव्ही चित्र थोडंसं मोठं करून कडा कापतो, त्यात कारण नसताना शार्पनेस जातो. एचडीला चालू करा.

स्टेप ५: पिक्चरची सेटिंग, इथे वेळ द्या

दुकानात टीव्ही कसा दिसतो आठवा. वाशीला जा नाहीतर ठाण्यात गोखले रोडला, सगळीकडे टीव्हीवर तेच, पोपट, फुलं, समुद्राखालचे मासे, खास फोर-के मध्ये शूट केलेलं. आणि टीव्ही व्हिव्हिड किंवा डायनॅमिक मोडवर, कारण दुकानातल्या ट्यूबलाइट्समध्ये तो उठून दिसायला हवा. तोच मोड घरी तसाच राहतो. एसडी चॅनलला ह्या मोडने जितका त्रास होतो तितका कशानेच होत नाही.

पिक्चर मोड स्टँडर्ड करा, किंवा सिनेमा, मूव्ही असं काही असेल तर ते. पहिल्यांदा चित्र पिवळट आणि मंद वाटेल. दोन दिवस तसंच राहू द्या, आईने पण आधी नाक मुरडलं होतं, तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम परत व्हिव्हिड लावून दाखवलं तर म्हणाली, "हे बंद कर, डोळ्यात खुपतंय."

मग शार्पनेस. नावावरून वाटतं की वाढवलं की स्पष्ट दिसेल, आणि धुरकट दिसतंय म्हटल्यावर प्रत्येक जण हाच आकडा वर नेतो. शार्पनेस नवीन काही आणत नाही, जिथे कडा आहे तिथे बाजूने एक पांढरी रेघ ओढतो, बस. एसडीमध्ये कडांजवळ आधीच घाण जमलेली असते, तिलाही तो कडा समजतो आणि ठळक करतो. सीरियलमधल्या काठपदराच्या साडीचा काठ बघा, शार्पनेस जास्त असला की तो काठ बाई जागेवर उभी असतानाही वळवळतो. एसडीचा चॅनल लावून, टीव्हीपासून चार फुटांवर उभं राहून शार्पनेस शून्याकडे आणा, अक्षरांभोवतीची पांढरी रेघ गेली की तिथे थांबा. बऱ्याच टीव्हींवर हे शंभरात दहा-वीसच्या आसपास येतं, पण सोनीसारख्या काही टीव्हींवर मधला पन्नास हाच साधा आकडा असतो, त्याच्या खाली गेलं की चित्र उलट धूसर होतं, म्हणून आकडा पाठ करू नका, रेघेकडे बघा.

त्यानंतर नॉइज रिडक्शन. दोन प्रकार असतात, एक डिजिटल नॉइज रिडक्शन, दुसरं एमपेग नॉइज रिडक्शन, काही टीव्हींत दोन्ही मिळून एकच. हे चौकोन आणि चिलटं पुसायचं काम करतं. एसडीसाठी मीडियम करा. हाय करू नका, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, दाढीचे खुंट सगळं पुसून टाकतं आणि तोच मेणाचा चेहरा परत येतो. एचडी चॅनलला मात्र हे लो नाहीतर बंदच ठेवा.

डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद. चित्र स्मूद करणारी जी सेटिंग असते, मोशनफ्लो, ट्रूमोशन, ऑटो मोशन प्लस, कंपनीगणिक नाव वेगळं, ती एकदम कमी करा. टीव्ही दोन चित्रांच्या मधलं चित्र मनाने बनवतो, एसडीमध्ये त्याला धड पुरेशी माहिती नसते त्यामुळे पळणारी पट्टी मध्येच फाटते. बाबांच्या पट्टीला सगळ्यात जास्त फरक शार्पनेस आणि ह्या सेटिंगने पडला.

आता प्रश्न येतो की एसडीला एक सेटिंग आणि एचडीला दुसरी तर दर वेळी बदलत बसायचं का. नाही. स्टँडर्ड मोड एसडीसाठी लावून ठेवा, नॉइज रिडक्शन मीडियम, शार्पनेस कमी. सिनेमा मोड एचडीसाठी, नॉइज रिडक्शन बंद. मग फक्त मोड बदलायचा, तेवढं आई-बाबाही करतात. आणि लक्षात घ्या, बऱ्याच टीव्हींत ही सेटिंग त्या त्या इनपुटपुरती असते, एचडीएमआय एकवर केलेलं दोनला लागू होत नाही. सगळं मनासारखं झालं की प्रत्येक मेनूचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, टीव्हीचा अपडेट आला किंवा नातवंडांनी रिसेट केला की कामाला येतो.

स्टेप ६: किती लांब बसता

टीव्हीच्या काचेची उंची मोजा, रुंदी नाही, उंची. त्याला सहाने गुणा. एवढ्या लांब बसलात तर साध्या चांगल्या नजरेला एसडीचे ठिपके वेगळे दिसत नाहीत. एचडीला तीनपट पुरते. ३२ इंचीची उंची साधारण ४० सेंटीमीटर, म्हणजे एसडीसाठी आठ फूट. ४३ इंचीला साडेदहा. ५० ला बारा फुटांच्या वर. ५५ ला साडेतेरा.

आता आपले हॉल बघा. नौपाड्याचा आमचा हॉल दहा बाय चौदा, टीव्ही लांब भिंतीवर, म्हणजे सोफ्यापासून जेमतेम आठ फूट. सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये ह्याहून लहान. अशा हॉलमध्ये ५५ इंचीवर एसडी चॅनल चांगला दिसणं शक्य नाही, त्यात टीव्हीचा दोष नाही आणि केबलवाल्याचाही नाही. मी बाबांची खुर्ची दाराकडच्या कोपऱ्यात सरकवली, तिरपं अंतर अकरा फूट मिळालं, एका पैशाच्या खर्चाशिवाय.

ज्यांनी अजून टीव्ही घेतला नाही त्यांना माझं कळकळीचं सांगणं, घरात मुख्यतः बातम्या आणि एसडी चॅनल्स चालणार असतील आणि हॉल लहान असेल तर ४३ च्या वर जाऊ नका, ३२ सुद्धा छान. दुकानात पोपट बघून ठरवू नका, त्यांना सांगा मला साधा मराठी न्यूज चॅनल लावून दाखवा, एसडी. टाळाटाळ केली तर पेनड्राइव्हवर घरचा एखादा जुना, कमी रिझोल्यूशनचा लग्नाचा व्हिडिओ घेऊन जा आणि तो लावायला सांगा. दोन टीव्ही शेजारी शेजारी ठेवून तोच व्हिडिओ बघितला की अपस्केलिंगमधला फरक पाच मिनिटांत कळतो.

स्टेप ७: एचडी घ्यायचं तर किती घ्यायचं

इतकं करूनही एसडी हे एसडीच राहणार. घरात रोज बघितले जाणारे तीन-चार चॅनल्स असतात, तेवढेच एचडी घ्या, अख्खा एचडी पॅक घेऊ नका. २०१९ पासून चॅनल सुटा घेता येतो, एसडीची आणि एचडीची किंमत वेगवेगळी लावलेली असते, त्यावर १८ टक्के जीएसटी. कंपनीच्या अॅपमध्ये प्रत्येक चॅनलसमोर किंमत दिसते.

इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही. एचडी चॅनल वाढवला म्हणून त्याचा एसडी आपोआप निघत नाही. तो पॅकमध्ये तसाच राहतो आणि एकाच सीरियलचे तुम्ही दोनदा पैसे भरता. आईच्या पॅकमध्ये असे तीन डबल निघाले. अॅपमध्ये जाऊन लिस्ट बघा, ज्याचा एचडी घेतलाय त्याचा एसडी काढून टाका, तो बुकेमध्ये, म्हणजे अनेक चॅनल्सच्या एकत्र गठ्ठ्यात, अडकला असेल तर अख्खा बुके परवडतो का सुटे परवडतात हा हिशोब कागदावर मांडा. केबल असेल तर हेच केबलवाल्या दादांना लिहून द्या, तोंडी सांगितलेलं राहून जातं.

स्टेप ८: बातम्यांचं काय

आमच्या बॉक्सवर मराठी न्यूज चॅनल्स सगळे एसडीच आहेत, त्यामुळे बाबांच्या पट्टीसाठी पैसे भरूनही उपाय नव्हता. पण घरात वायफाय असेल तर हेच न्यूज चॅनल्स यूट्यूबवर लाइव्ह चालू असतात, आणि बऱ्याच वेळा डिशपेक्षा स्वच्छ, कारण तिकडे चित्र इतकं दाबलेलं नसतं. १०८० साठी यूट्यूब स्वतः ५ एमबीपीएसचा स्पीड सांगतं, ७२० साठी अडीच, एवढा स्पीड आता साध्या प्लॅनलाही मिळतो. लाइव्ह लावल्यावर क्वालिटीमध्ये जाऊन काय आहे ते बघा, ऑटोवर कधी कधी खाली घसरतं. थोडं मागे चालतं, शेजारच्या घरात बातमी आधी ऐकू येते, ते चालवून घ्यावं लागतं. सीरियल्सही त्या त्या अॅपवर असतात, त्याची वर्गणी आणि एचडी चॅनलची किंमत शेजारी ठेवून बघा.

आईला मात्र अॅप उघडणं, शोधणं हे नको वाटतं, तिला नंबर दाबला की चॅनल लागला पाहिजे, आणि मला वाटतं ते बरोबरच आहे. म्हणून शेवटचं काम म्हणजे बॉक्समधली फेव्हरिट लिस्ट. गाइडमध्ये चॅनलवर जाऊन फेव्हरिट करायचं, मग एकच बटण दाबून तेवढेच चॅनल्स समोर येतात, जुना नंबर चुकून लागायचा प्रश्न नाही. आई-बाबांच्या लिस्टमध्ये आता नऊ चॅनल्स आहेत, चार एचडी आणि पाच न्यूजचे, आणि यूट्यूबचं बटण टीव्हीच्या रिमोटवर आहे त्यावर बाबांनी स्वतःच्या हाताने लाल स्टिकर लावलाय.